माझे शनिवार नेणारी बाई

२ जून २००७, शनिवार

ही डायरी चष्म्याच्या फ्रेम विकणाऱ्या कंपनीने जानेवारीत आमच्या ऑप्टिशियनला फुकट दिली होती. मी बसते त्या रिसेप्शनच्या खणात पाच महिने कोरीच पडली होती, म्हणून घरी आणली. मला लिहायची सवय नाही. पण आज कुणाशी तरी बोलायलाच हवं, आणि हे क्रिकेट बघतायत.

आज दिया मराठीच्या वर्गाला आली नाही. आठ वर्षं दर शनिवारी मी कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत शिकवते आणि ती फळा पुसते, लहानांचे हात धरून अक्षरं गिरवून घेते. कॉव्हेंट्रीत बर्फ पडला तरी आम्ही दोघी गेलो आहोत. आज सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाली, "आई, मी आजपासून लायब्ररीत जाणार. एग्झिबिशनचा प्रोजेक्ट आहे. स्लेव्ह ट्रेड बंद होऊन टू हंड्रेड इयर्स झाली ना. माझी जीसीएसईला पण चांगला आहे."

इंग्लंडात जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, हा शब्द ऐकला की आईबापांनी गप्प बसायचं असतं. बसले. वर्गात चार मुलं होती. स्वातीचा प्रणव मोठ्याने म्हणाला, "दियाताई नाही तर मग मजा नाही." फळा मीच पुसला.

९ जून, शनिवार

लायब्ररीत तिला आणायला गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले.

प्रोजेक्ट चालवणारी बाई घानाची आहे. नाव लामिसी. आडनाव तिने दोनदा सांगितलं, माझ्या तोंडात काही बसलं नाही. इथल्या हॉस्पिटलमध्ये अडतीस वर्षं नर्स होती, आता रिटायर्ड. साठ-पासष्टची असेल. उंच, डोक्याला पिवळा रुमाल. हसते तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. आठ मुलं तिच्याभोवती बसलेली, आणि माझी दिया सगळ्यांत पुढे, तोंड उघडं ठेवून.

"लामिसी आंटी, ही माय मम," दिया म्हणाली.

आंटी. वीस मराठी बायकांना आंटी म्हण म्हणून आम्ही तिच्या मागे लागतो, आणि ही 'हाय' म्हणून जिना चढून जाते. इथे न सांगता आंटी.

"म्हणजे तुम्ही दियाच्या आई," लामिसी इंग्रजीत म्हणाली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. मला अरुणा असं नाव आहे, ते विचारायचं तिला सुचलं नाही. हात मात्र ऊबदार होते. हे लिहायला नको होतं.

२३ जून, शनिवार

जेवताना दुसरा विषय नव्हता. लामिसी आंटीकडे तिच्या आजीच्या काळी म्हणे घराचं दार इतकं बुटकं असायचं की रांगत आत जावं लागायचं. माणसं पकडून नेणारे यायचे. आत शिरणाऱ्याचं डोकं आधी येतं, म्हणजे घरातल्याला ते फोडता येतं. दिया त्या घराचं मॉडेल करणार आहे. "हा दार इतकी छोटी," असं म्हणून तिने हात टेबलाच्या खाली नेला. आठ वर्षं शिकवून दार अजून नपुंसकलिंगी झालेलं नाही.

हे म्हणाले, "कोण पकडायचे? गोरे?"

"नाही बाबा, गोरे लोक कोस्टवर फोर्टमध्ये बसायचे. आतून आणून द्यायचे ते तिथलेच. गोरे बंदुका द्यायचे, कापड द्यायचे. मग प्रत्येक किंगला भीती, की मी बंदूक घेतली नाही तर शेजारचा घेणार आणि मलाच विकणार. आंटी म्हणते, तीनशे वर्षं असं चाललं की शेजाऱ्याला शेजारी राहतच नाही. शेती करायची माणसं गेली. राहिली त्यांनी हायडिंग शिकलं."

हे ऐकतच राहिले. मला वाटलं, सातवाहन शिकवताना या मुलीला जांभया यायच्या.

मग मला म्हणाली, "आई, तुझी आईचं घर कसा होता? बार्शीचं?"

"दोन खोल्या. भाजी ढवळ, लागेल खाली," मी म्हटलं. कुणाच्या तरी आजीचं ऐकून आली म्हणून आता माझ्या आईची आठवण. उष्टी चौकशी मला नको.

१४ जुलै, शनिवार

महिनाभर पाऊस. सेंटरचं छत गळतंय, बादली ठेवून बाराखडी घेतली.

आज दिया घरी आली ती वेण्या घालून. डोक्याला चिकटलेल्या बारीक बारीक वेण्या, आठ की दहा. लामिसीने घातल्या. दोन तास लागले म्हणे. दिया तिच्या गुडघ्यांमध्ये बसली होती दोन तास.

बाराव्या वर्षापासून मला केसांना हात लावू दिलेला नाही. तेलाची बाटली दिसली की बाथरूमला कडी. चार वर्षं मी मागून मागून थकले, आणि त्या बाईने सात शनिवारांत डोकं मांडीवर घेतलं.

"कशा वाटतात?" दियाने विचारलं.

"टाळू दिसते," मी म्हटलं.

ती वर गेली. हे म्हणाले, छान दिसत होत्या, का बोललीस असं. मी म्हटलं, तुम्हाला कळायचं नाही. खरं तर मलाही फार छान वाटल्या. तेच झोंबलं.

१८ ऑगस्ट, शनिवार

सुट्टीतसुद्धा लायब्ररी. "आई, तू एकदा येशील? आंटी विचारत होती, तुझी आई का येत नाही म्हणून." आंटी विचारते. मुलगी नाही विचारत. मी म्हटलं, मला वर्ग आहे. ती म्हणाली, वर्गाला सुट्टी आहे ना. मग मी म्हटलं, मला कामं आहेत. दारात थोडा वेळ उभी राहिली, मग गेली.

दिवसभर काही काम नव्हतं. फ्रीज धुतला.

१५ सप्टेंबर, शनिवार

एक चोरी केली, इथे कबूल करते. दिया गेल्यावर तिची प्रोजेक्टची फाईल काढून वाचली. माझं नाव कुठे आहे का बघायला, दुसरं काही नाही. नाही कुठे. आंटी सेज, आंटी रिमेंबर्स, पानोपानी.

पण एका पानावर थबकले. कवड्या. मालदीवच्या समुद्रातून कवड्या गोळा करून हिंदुस्थानमार्गे लंडनला यायच्या, जहाजाला वजन म्हणून तळाशी भरलेल्या, आणि तिथून आफ्रिकेला. तिकडे कवडी हेच चलन. बाजारात सगळं कवड्यांवर घ्यायचे, माणसंसुद्धा. आणि कापड जायचं तेही बरंचसं आपल्याकडचंच.

मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे या गोष्टीत आम्हीही आहोत. आणि कवडी तर माझ्या देव्हाऱ्यात आहे. लग्नात आईने दिलेली तुळजाभवानीची कवड्यांची माळ, सतरा वर्षं कॉव्हेंट्रीत माझ्याबरोबर आहे, आणि माझी पोरगी कवडीची माहिती लायब्ररीत जाऊन शोधते. घरात विचारलं असतं तर?

आता बघच, म्हटलं.

२९ सप्टेंबर, शनिवार

लायब्ररीच्या बाईंना फोन करून कार्यक्रमात पाच मिनिटं मागून घेतली. भारतीय समाजातर्फे लामिसीबाईंचा सत्कार. त्यांना आनंदच झाला. प्रदर्शन १३ ऑक्टोबरला उघडतंय, नवरात्राची दुसरी माळ. योग्य दिवस.

दियाला फक्त शाल आणि नारळ सांगितलं. तिचा चेहरा पडला. "आई, प्लीज, मोठं भाषण नको. तिथे माझे फ्रेंड्स असतील."

"दोन वाक्यं बोलेन," मी म्हटलं. तिला माझी लाज वाटते हे मला कळत नाही असं तिला वाटतं.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

घट बसवले. माळ काढून कोमट पाण्याने पुसली, नव्या दोऱ्यात ओवली. ह्यांनी पाहिलं. "देवीची माळ अशी बाहेर काढतात का? परक्या बाईच्या गळ्यात?"

"यापेक्षा मोठा मान आपल्याकडे आहे का दुसरा? हार काय, कुणीही घालतं."

"मानासाठीच ना?" एवढंच बोलून ते पेपर वाचायला लागले. सव्वीस वर्षं संसार केला की माणूस नको तेवढं ओळखतं.

१३ ऑक्टोबर, शनिवार

काहीतरी फार चुकलं आहे. आत्ता लिहवत नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार

क्रमाने लिहिते.

पन्नास-साठ लोक होते. दियाने मॉडेल समजावलं. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर, बुटकं दार. स्वच्छ, न अडखळता बोलली. लामिसी पहिल्या रांगेत बसून तिच्याकडे बघत होती, जसं मी बघायला हवं होतं. मी मात्र लामिसीकडेच बघत होते.

मग मला बोलावलं. शाल घातली, हातात नारळ दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे थांबायचं होतं. मी माळ काढली आणि इंग्रजीत म्हटलं की या आमच्या देवीच्या कवड्या, याच कवड्या आमच्या समुद्रातून तुमच्या आफ्रिकेत गेल्या, म्हणजे आपलं नातं जुनं आहे. दियाकडे बघूनच बोलले. आणि लामिसीच्या गळ्यात माळ घातली.

कवड्या वाजल्या. एवढा आवाज त्या खोलीत झाला की काय सांगू. लामिसीने डोळे मिटले. मागून एक म्हातारे गृहस्थ उठून बाहेर गेले. टाळ्या वाजल्याच नाहीत, दोघांनी सुरू केल्या त्याही थांबल्या. ती खाली मान घालून उभी होती, नारळ पोटाशी धरून. "थँक यू, दियाज मदर," म्हणाली. मग दोन्ही हातांनी माळ डोक्यावरून काढली, पेशंटची नळी काढावी तशी जपून, ती मॉडेलशेजारी ठेवली आणि कोट घेऊन निघून गेली.

दिया बसमध्ये माझ्यापासून लांबच्या सीटवर बसली. घरात शिरल्यावर बोलली. "तू माझा फाईल वाचली होतीस. पेजेस उलटेसुलटे होते, मला कळला होता. त्यात लिहिलंय आई, माणसांना कशाने विकत घ्यायचे ते. तुला माहीत होता."

मी म्हटलं, आपल्याकडे तो देवीचा प्रसाद असतो.

"ती आपल्याकडची नाहीये," ती म्हणाली. "तू तिच्यासाठी केलंच नाहीस. तुला सगळ्यांनी तुला बघायला हवं होतं."

सगळ्यांनी नव्हे. एकीनेच. पण हे तिला कसं सांगणार. वाचताना 'माणसंसुद्धा' हा शब्द माझ्या डोळ्यांखालून गेला होता, हे खरं आहे. पुढच्या ओळीतलं 'आपल्याकडचं' मला जास्त आवडलं.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

अर्धा दिवस रजा घेऊन लामिसीकडे गेले. पत्ता लायब्ररीतून घेतला. डब्यात साबुदाण्याची खिचडी. माफी मागायला जाताना माणूस रिकाम्या हाताने कसा जाणार. माळ पर्समध्ये रुमालात होती, ती का नेली ते माझं मलाच कळलं नव्हतं.

तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि किटली लावायला आत गेली. टिनच्या घट्ट दुधाचा चहा. मी पाठ करून नेलेलं सॉरी पहिल्याच वाक्यात अडकलं. ती म्हणाली, "तुमच्याकडे ती कोण घालतं?"

मग मी सांगितलं. कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते. माझी आई, लीलावती. वडील बँकेत होते, घरात काही कमी नव्हतं, पण आईचा नवस. नवरात्रात मंगळवारी आणि शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि पाच घरी जाऊन जोगवा मागायचा. भीकच ती, देवीच्या नावाने. लोक परडीत पीठ घालायचे. एकदा मी शाळेतल्या मैत्रिणीकडे खेळत होते आणि दारात कवड्या वाजल्या. मी पलंगाखाली शिरले. आई पीठ घेऊन गेली, तिला मी दिसले होते. घरी आल्यावर ती काहीच बोलली नाही. मरेपर्यंत बोलली नाही.

लामिसी माळीकडे बघत होती. म्हणाली, "माझ्या आजीलाही तो आवाज चालत नसे. घरात कुणी कवड्या हलवल्या तर ती बाहेर अंगणात जाऊन बसायची. मी सात वर्षांची होईपर्यंत ती होती. माझे केस तीच विंचरायची."

आणि मग तिने सांगितलं. ते बुटकं दार तिच्या घराचं नाहीच. तिच्या घराचं दार उंच होतं, घोडा सरळ आत यायचा. ती माणसं पकडणाऱ्यांच्या घरातली. पणज्याच्या बापाच्या काळात त्यांच्या घरातून माणसं किनाऱ्याकडे जायची. "जहाजं थांबली," ती म्हणाली, "पण बाजार थांबला नाही. तीनशे वर्षांची सवय एका कागदाने जात नाही. विकत घ्यायला गोरे नव्हते, तर लोक एकमेकांनाच विकायला लागले." तिच्या पणजोबाने बाजारातून दहा वर्षांची एक मुलगी आणली. कवड्या मोजून. ती मोठी झाल्यावर मुलाला दिली. ती आजी. तिला आपलं गाव आठवत नव्हतं, आईचं नाव आठवत नव्हतं. फक्त रांगत आत जायचं एक बुटकं दार आठवत होतं. तेच दार लामिसीने मुलांना आपलं म्हणून सांगितलं.

"मी विकत घेतलेलीही आहे आणि विकत घेणारीही," ती म्हणाली. "तुम्हाला तुमची देवी ठाऊक आहे, गाव ठाऊक आहे, सात पिढ्या ठाऊक असतील. तुम्ही शनिवारी मुलांना हे माझं म्हणून शिकवता. दिया मला सांगते तेव्हा मला तुमचा किती हेवा वाटतो, तुम्हाला कल्पना नाही."

दिया तिला माझ्याबद्दल सांगते. हे मी बसमध्ये चार वेळा मनात म्हटलं.

त्यांच्याकडे एक रीत आहे. कोण कुठून आला हे दुसऱ्याने चारचौघांत काढायचं नाही. जुन्या राजांनी कायदाच केला होता, इतकी माणसं इकडची तिकडे झाली होती. तिच्या आईच्या मयतीला एका चुलतभावाने तो मोडला, तेव्हापासून ती गावी गेलेली नाही. मला मात्र कुणाला सांगू नकोस असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आणि आता खरं लिहिते. हे सगळं ऐकून डोळे पुसले, पण बसस्टॉपवर उभी असताना मनात पहिलं आलं ते हे, की दियाला हे माहीत नाही. मला माहीत आहे. घरी येईपर्यंत मी खूश होते.

२० ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर दिया माझ्याशी फक्त 'हो' आणि 'नको' बोलली. आज सकाळी बॅग खांद्याला लावून स्वयंपाकघरात आली. बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"आंटीने फोन केली होती. तू तिच्याकडे गेली होतीस म्हणाली. टू अवर्स."

"हो."

"काय बोलली ती तुझ्याशी? मी तिची आजीबद्दल विचारलं की ती टॉपिक चेंज करते. तुला सांगितला? तुला कशाला सांगितला?"

मी तिच्याकडे बघितलं. ओठ दुमडलेले, नाक लाल. हा चेहरा मला नवा नव्हता. जूनपासून रोज सकाळी दात घासताना आरशात बघते आहे.

एक वाक्य बोलले असते, की बॅग खाली गेली असती. लहानपणी बसायची तशी खुर्चीत पाय घेऊन बसली असती, तोंड उघडं ठेवून, माझ्यासमोर. सगळं ओठांवर आलं होतं, घोडा, बाजार, ती दहा वर्षांची मुलगी. चार महिने मी हेच मागत होते.

"चहा प्यायलो," मी म्हटलं. "टिनच्या दुधाचा. फार गोड होता."

"तू मला कधीच काही सांगत नाहीस," ती म्हणाली आणि बूट घालायला बाहेर गेली.

मी मागे गेले. "लामिसीचं मी सांगणार नाही. ते तिचं आहे. माझं सांगते. माझ्या आईचं."

"नंतर. नाइन फॉर्टीची बस आहे."

"मला तिची लाज वाटायची," मी म्हटलं. "माझ्या आईची. मी तिला बघून पलंगाखाली लपले होते. तिला दिसलं होतं."

दिया एका बुटावर उभी राहिली. दुसरा हातातच होता.

"तुला पण?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं. बस समोरून गेली.